कोडगा

पेढा चांगला होता, हे आधी सांगून टाकते. कंदी, जरा जास्त भाजलेला. मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते, एका हातात पाहुण्यांसाठी आणलेला गुच्छ, दुसऱ्या हातात मोबाइल. सारंगनं खोका पुढे धरला तेव्हा हात रिकामा नव्हता म्हणून मी सरळ तोंडच पुढे केलं.

"कसले रे?"

"वरच्या नवजात कक्षातून आलेत, मॅडम. सगळ्या मजल्यावर वाटतायत. एकदम खूश आहेत ती मंडळी."

"कुठली मंडळी?" असं मी विचारणार, तेवढ्यात खाली गाड्यांची दारं वाजली आणि आम्ही दोघंही जिन्याकडे धावलो. चघळत चघळतच मी पाहुण्यांना नमस्कार केला.

ही करोनानंतरच्या वर्षातली गोष्ट. आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल विट्याच्या पुढं, माणदेशाच्या तोंडाशी. तिथली जंतूंची प्रयोगशाळा माझ्याकडे होती. कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालेनासं झालंय हे शोधायचं, यासाठी श्रीमंत देशांच्या काही संस्थांनी पैसे एकत्र केले होते आणि आपल्यासारख्या देशांतली हॉस्पिटलं निवडली होती. या सगळ्याला 'भागीदारी' म्हणायचं. भागीदारीनं आम्हाला एक मशीन दिलं होतं. पहिल्या वर्षाची मदत संपत आली होती आणि पुढची पाच वर्षं द्यायची की नाही ते ठरवायला आज माणसं आली होती. नाही म्हणाले असते तर मशीनवर प्लास्टिकची खोळ चढली असती आणि आम्ही परत अंदाजपंचे औषधं द्यायला मोकळे. त्यामुळे सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. तसाही तो ठरत नाही, माझी आई मला भिंगरी म्हणायची, पण त्या दिवशी जरा अतीच.

पाहुणे दोन. पैसे देणाऱ्यांच्या वतीनं आलेले हॅमंडसाहेब, उंच, अदबशीर, प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे. आणि युगांडाच्या डॉ. एस्थर, भागीदारीतल्या तिथल्या हॉस्पिटलच्या प्रमुख. माझ्याच वयाच्या, आणि माझ्यासारख्याच सतत खुर्चीच्या कडेवर बसणाऱ्या. मला त्या लगेच आवडल्या.

आमचे डीन ताम्हनकर सर यांचं स्वागताचं भाषण संपता संपेना. मग सारंग उभा राहिला. तो प्रकल्पाचा समन्वयक, पुण्याहून आलेला, हुशार, कामाला वाघ, आणि बोलायला लागला की समोरच्यानं ऐकतच राहावं असा.

"आम्ही रिपोर्ट नुसता डॉक्टरला देऊन थांबत नाही," तो इंग्रजीत सांगत होता. "घरच्यांनाही त्यांच्या भाषेत समजावतो. भागीदारीनं मंजूर केलेला शब्दसंग्रह वापरून. काल संध्याकाळीच एका नवजात बाळाच्या नातेवाइकांशी मी स्वतः बोललो."

हॅमंडसाहेबांनी मान डोलावली. एस्थरबाईंनी हात वर केला.

"काय सांगितलंत? तुमच्या भाषेत सांगा ना. मला ऐकायचंय."

सारंग हसला. छाती जरा पुढे काढून, स्पष्ट, शुद्ध मराठीत म्हणाला, "बाळाच्या तपासणीत प्रतिकारशक्ती खूपच वाढलेली आढळली आहे."

पेढ्याची चव अजून जिभेवर होती. ती एकदम नकोशी झाली.

तो रिपोर्ट मीच केला होता. बाळाच्या रक्तात जंतू सापडले होते, आणि जी दोन इंजेक्शनं त्याला चालू होती त्यातलं एकही त्या जंतूंचं काही वाकडं करू शकत नव्हतं. इंग्रजीत याला रेझिस्टन्स म्हणतात. शब्दसंग्रहात त्याचं मराठी कुणीतरी 'प्रतिकारशक्ती' करून ठेवलं होतं. कुणाची प्रतिकारशक्ती, हे सांगायचं राहून गेलं होतं. आणि दोन वर्षं काढे पिऊन, गोळ्या खाऊन ज्या शब्दाची अख्ख्या महाराष्ट्रानं आराधना केली, तो शब्द ऐकल्यावर माणसं पेढे नाही वाटणार तर काय करणार?

मी उठले. खुर्ची मागे पडली, ती तशीच टाकून जिना चढले.

नवजात कक्षातली खिडकीशेजारची खाट रिकामी होती. चादरसुद्धा बदललेली.

"गेले ते, मॅडम," फिलोमिना सिस्टर म्हणाल्या. "आपल्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही दिली. आज बारसं आहे ना त्याचं. डॉक्टर सगळे खाली पाहुण्यांकडे, रिपोर्ट बघून औषध बदलायचंही राहिलंय, मी एकटी काय अडवणार? मी म्हटलं, बाळ सकाळपासून दूध नीट ओढत नाहीये, थांबा. तर आजी मलाच म्हणते, प्रतिकारशक्ती वाढलीय म्हणून तुमच्याच साहेबांनी सांगितलं, आता दवाखान्यात ठेवून अंगारा लावायचाय का?"

"गाव?"

"लिंबेवाडी."

फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. सारंग मागे येऊन उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला सगळं कळलेलं दिसत होतं, त्यामुळे त्याला फाडून खायची माझी इच्छा तिथल्या तिथे मेली.

"तू लावत राहा फोन," मी म्हटलं आणि खाली पळाले.

पोर्चमध्ये ताम्हनकर सरांनी गाठलंच. "हुद्दार, पाहुणे तिकडे बसलेत! पाच वर्षांचा प्रश्न आहे. ॲम्ब्युलन्स पाठवा की, तुम्ही कशाला जाताय?"

"ॲम्ब्युलन्सला बोलता येत नाही, सर."

मी पुढच्या सीटवर चढले. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. वळून बघते तर एस्थरबाई आत बसत होत्या, साडीसारखा भरजरी झगा गोळा करून.

"मला नवजात बाळांचा अनुभव आहे," त्या म्हणाल्या. "आणि त्या हॉलमध्ये फार झोप येत होती."

दस्तगीर आमचा ड्रायव्हर, एरवी सावकाश माणूस. त्या दिवशी मी त्याला इतकं छळलं की त्यानं शेवटी सायरनच सुरू केला. रस्ता अर्धा खणलेला, डाळिंबाचे टेम्पो आडवे, आणि एका वळणावर मेंढरांचा अख्खा कळप. सायरन ऐकून मेंढरं हलायचं सोडून एकमेकांत शिरली. मी उतरून ओढणीनं त्यांना हाकायला लागले. मेंढपाळ माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, सावकाश. भ्यायली की जास्तच गुतत्यात ती." मला त्याचाही राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा अशा वेळी फार राग येतो.

गाडी निघाल्यावर एस्थरबाईंनी विचारलं, "त्या शब्दाचा अर्थ काय होता?" मी सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"आमच्याकडे आम्ही लोकांना सांगायचो, औषध थकलंय," त्या म्हणाल्या. "छान सोपं वाटलं होतं. मग कळलं, माणसं औषधाला विश्रांती देतायत. दोन दिवस घ्यायचं, दोन दिवस कपाटात झोपवायचं."

"मग?"

"मग काय, दुसरा शब्द शोधला. तुम्ही आता तिथं जाऊन काय सांगणार?"

मी मनातल्या मनात शब्द चाळायला लागले. प्रतिरोध? प्रतिकार? जंतूंची ताकद? ताकद म्हटलं तर ते म्हणणार, ताकदीचं इंजेक्शन द्या. खिडकीबाहेर कुसळं उगवलेले माळ मागे पडत होते आणि मला वयाच्या पन्नाशीला माझ्याच भाषेत एक शब्द सापडत नव्हता.

लिंबेवाडीत दारापुढे मांडव होता. बायका पाळण्याभोवती दाटलेल्या, गाणं चालू. पाळण्याशेजारी स्टुलावर तांब्याला टेकवून एक मोबाइल उभा केला होता आणि त्यात एक तरणा माणूस सगळं बघत होता. बाळाचे वडील. इकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात, देशभर पांगलेली. हा कोइमतूरला होता. फोन बिझी का, ते कळलं.

सायरननं गाणं थांबलं. आजी पुढे आल्या. हौसाबाई, ठसठशीत, कपाळभर कुंकू.

"आवो, दवाखान्याच्या बाई न्हवं तुमी? या की! बारशाला आलासा व्हय? आन् ह्या कोन पावन्या?"

"बाळ बघू द्या मला."

"बगा की. लई गुनाचं हाय. सकाळधरनं टिपूस न्हाय रडलं."

मी झबलं वर केलं. पाय गार. रंग राखेसारखा. पोट फुगलेलं. एस्थरबाईंनी दोन बोटांनी छातीवर दाबून बघितलं, माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. उशीर करू नका.

"आजी, याला आत्ताच्या आत्ता परत न्यायला हवं. त्याच्या रक्तातले जंतू मेलेले नाहीत. औषध लागू पडत नाहीये."

"कायतरीच काय! त्या साहेबानं सोता सांगितलं, प्रतिकारशक्ती वाढलीया."

"बाळाची नाही हो, जंतूंची वाढलीय!"

"जंतूंची आन् कशी वाढंल? आवशीद आमच्या पोराला दिलं का जंतूला?"

बायका हसल्या. मी घामाघूम झाले. "जंतूंमध्ये बदल होतो, ते औषधाला प्रतिकार करायला..." म्हणता म्हणता मला जाणवलं की माझं बोलणं त्यांच्या कानांवरून घरंगळून चाललंय. मोबाइलमधला बाप "काय झालंय? आये, काय म्हनत्यात त्या?" असं ओरडत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रेश्मा, बाळाची आई, डोकीला फडकं बांधून भिंतीला टेकून बसली होती. ती तेवढी माझ्याकडे एकटक बघत होती.

"बारसं झाल्यावर बगू," हौसाबाई म्हणाल्या. "भरल्या पाळन्यातनं लेकरू उचलत न्हाईत."

"आजी, मेलेलं उचलणार का मग?" मी म्हणाले.

असं बोलायला नको होतं, हे बोलताना कळत होतं, पण माझं डोकं फिरलं होतं. एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. आता हाकलणार आपल्याला, असं मला वाटलं.

तेवढ्यात बाजूला एक पोरगं जिलबीच्या परातीत हात घालत होतं. एका बाईनं बघितलं आणि त्याच्या पाठीत रट्टा घातला. "मेल्या, तिसऱ्यांदा सांगितलं! कोडगा झालाय नुसता! मारून मारून हात दुखायला लागलं, ह्याला कायबी वाटत न्हाय!"

मी त्या बाईकडे बघतच राहिले.

"आजी," मी म्हटलं, "ते जंतू कोडगे झालेत."

"आं?"

"कोडगे. तीच तीच औषधं सारखी खाऊन. तुमच्या गावात सर्दी झाली की तीच गोळी, ताप आला की तीच, कोंबड्यांनाही तीच. अर्धी खायची, अर्धी टाकायची. एवढा मार खाल्ला त्यांनी की आता त्यांना त्याचं काही वाटेनासं झालंय. तुमच्या नातवाला दहा दिवस औषध दिलं, ते हसतायत त्याला."

हौसाबाईंचा हात पाळण्याच्या दोरीवर होता. तो थांबला.

"म्हंजी... मारलं तरी कळंना, आसं?"

"असं."

"आन् दुसरं आवशीद?"

"आहे. त्याला अजून भितात ते. पण आज दिलं पाहिजे."

रेश्मा भिंतीला धरून उठली. सासूकडे न बघता ती पाळण्याशी आली आणि तिनं बाळाला उचललं. दोरी हौसाबाईंच्या हातातून सुटली.

आम्ही दाराशी पोचलो तर बाळाची आत्या आडवी आली. शालन तिचं नाव. "बाई, येकच मिनीट. नाव सांगू द्या. बिननावाचं नका नेऊ त्याला."

मी नाही म्हणणार होते. एस्थरबाईंनी माझ्या कोपराला धरलं. त्यांना शब्द एक कळला नव्हता, पण काय मागताहेत ते कळलं असावं.

शालननं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि नाव सांगितलं. रीत म्हणून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, पण अगदी हलके, थोपटल्यासारखे. बाळानं डोळे किलकिले उघडले. "आयकलं त्यानं," शालन म्हणाली. "विराज."

गाडीत एस्थरबाई सगळी वाट त्याचे तळपाय चोळत होत्या.

परतल्यावर हॅमंडसाहेब कक्षाच्या दाराशी उभे होते. माझा रिपोर्ट एस्थरबाईंनी मागून घेतला. त्या जंतूंवर दोनच औषधं चालत होती. एक नवं, निर्धोक, पुण्याहून मागवायचं, तेही मिळालं तर उद्या. दुसरं जुनं, आमच्याच कपाटातलं. कानांना आणि मूत्रपिंडांना इजा करू शकणारं, जपून द्यायचं.

"नवं आहे का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आमच्याकडेही नाही." मग त्या हॅमंडसाहेबांकडे वळल्या. "तुमच्या पैशानं आम्हाला नेमकं कळतं की कुठलं औषध हवंय. ते औषध कोण आणणार?"

हॅमंडसाहेबांनी या वेळी मान डोलावली नाही. "ते आपल्या भागीदारीच्या कामात बसत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही ते बोलताना आवडलं नसावं.

उद्यापर्यंत थांबण्यासारखं बाळ नव्हतं. जुनंच दिलं. आजही तेच देईन. तिसऱ्या दिवशी बाळ भुकेनं इतकं किंचाळलं की फिलोमिना सिस्टर रडायला लागल्या. हौसाबाईंनी पुन्हा पेढे वाटले. मी तोंडात टाकण्याआधी कशाचे ते विचारून घेतलं.

पाच वर्षांची मदत मंजूर झाली. सारंगनं माझा शब्द शब्दसंग्रहासाठी पाठवला. तो ग्राम्य आहे असं कळवण्यात आलं आणि त्याऐवजी 'प्रतिजैविक-प्रतिरोध' आला. तो अजून तिथंच आहे, कुणी वापरत नाही. आमच्या सिस्टर, आशाताई, मेडिकल दुकानातली मुलंसुद्धा सर्रास म्हणतात, गोळ्या पूर्ण घ्या, नाहीतर जंतू कोडगे होतील. मला त्याचा फार अभिमान होता. अजिबात लपवत नव्हते मी. विराजला घरी सोडताना कान तपासून घ्या असं सांगितलं होतं. त्यासाठी मिरजेला जावं लागणार होतं. भागीदारीचा पाठपुरावा महिनाभराचा, आणि महिन्यानं मुलानं अंग धरलं होतं, टपोरं झालं होतं. त्याच्या नावापुढे 'बरा' असं लागलं.

गेल्या महिन्यात शालननं लिंबेवाडीत बायकांची बैठक ठेवली होती. ती आता आशाताई झालीय. तिनं मलाच बोलायला बोलावलं. त्याच अंगणात सतरंजी अंथरलेली. मी कोडग्या जंतूंचं सुरू केलं, बायका खुदखुदल्या. हौसाबाई थकल्यात, पण कुंकू तेवढंच. रेश्मा पेढ्यांची ताटली घेऊन आली.

"कसले गं?" मी विचारलं.

"तुमी आलासा म्हनून. तो बगा तुमचा पेशंट."

अंगणाच्या कडेला, आमच्याकडे पाठ करून, चार वर्षांचा पोरगा मातीत गाडी फिरवत होता. गुटगुटीत, केस कुरळे.

"विराज!" रेश्मानं हाक मारली. "ए विराज! मॅडमना नमस्कार कर. विराज!"

तो गाडी फिरवत राहिला.

"ह्यो आसा," ती वैतागून म्हणाली. "बोलतबी न्हाय धड. मार देऊन देऊन दमले. तुमच्या जंतूंवानी कोडगा झालाय बगा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझाच शब्द होता, मला बरं वाटलं. नमस्कार राहू दे म्हणत मी पेढा उचलला, आणि ताटली रेश्माच्या हातून निसटली. स्टीलची ताटली फरशीवर पडून खणाणत, गोल फिरत, थेट पोराच्या पाठीमागे जाऊन थांबली. बायका दचकल्या. पडवीतलं कुत्रं भुंकलं. मांडीवरची पोरं रडायला लागली.

विराजनं गाडी वळवली आणि तोंडानं कसलाही आवाज न करता ती मातीच्या ढिगावर चढवली.

मी उठून त्याच्या मागे गेले. टाळी वाजवली. परत वाजवली. मग अंगणात कुणी हसेनासं झालं.

"त्याला मारू नकोस, रेश्मा," मी म्हणाले. "तो कोडगा नाही."

"मग काय झालंय त्याला?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, त्या दिवशीसारख्याच. त्या दिवशी त्यांना कळेल असा शब्द मला सापडत नव्हता. आज होता. साधा, शेंबड्या पोरालाही कळेल असा. तो माझ्या तोंडातून निघेना.

शालनला माझ्याआधी उमगलं असावं. ती येऊन मातीत गुडघे टेकून बसली, त्याच्या कानाशी दोन्ही हातांचा आडोसा केला आणि मोठ्यानं, अंगणभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, त्याचं नाव सांगितलं.

तिच्या श्वासाच्या त्याला गुदगुल्या झाल्या. तो खदखदून हसला, कान चोळला आणि दुसरा कान पुढे केला.